पाळीव प्राण्याच्या उपचारासाठी आर्थिक मदत : अर्ज कुठे अडकतो, कोणते कागद लागतात

कुत्र्या-मांजराच्या उपचाराचा खर्च झेपत नाही म्हणून केलेले कितीतरी अर्ज गरज खरी असूनही परत येतात. कारण बहुधा एकच असतं, क्रम चुकलेला असतो. माणूस आधी उसनेपासने करून बिल भरतो आणि मग अर्ज करतो. मदत देणाऱ्या बहुतेक संस्था मात्र झालेल्या खर्चाची भरपाई करत नाहीत. पुढे व्हायच्या उपचाराचे पैसे त्या थेट दवाखान्याच्या खात्यात भरतात. भरलेल्या बिलाची पावती जोडलेला अर्ज पुढचं पान न उलटताच बाजूला ठेवला जातो.

म्हणून उपचाराचा आकडा कानावर पडला की तिथेच, काउंटर सोडण्याआधी, तीन गोष्टी विचारून घ्या. खर्चाचं लेखी अंदाजपत्रक मिळेल का? बाहेरच्या संस्थेने थेट भरलेले पैसे दवाखाना स्वीकारतो का? आणि आज कमीत कमी किती भरलं तर प्राण्याच्या वेदना थांबवून त्याला स्थिर करता येईल? दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि नेमका तोच नडतो. संस्था मंजुरीचं पत्र देते, पैसे यायला काही दिवस लागतात, आणि दवाखाना म्हणतो की आम्ही पूर्ण रक्कम आधी घेतो. अशा वेळी हातातल्या मंजुरीचा काही उपयोग होत नाही.

आधी हे वाचा : कशासाठी थांबायचं नाही

नर मांजर पुन्हा पुन्हा लघवीला बसतं आणि थेंबही येत नाही. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट अचानक फुगलं आहे आणि कोरडे उमासे येताहेत. नसबंदी न झालेली मादी माजानंतर साधारण दोन महिन्यांच्या आत मलूल झाली आहे, खूप पाणी पिते आहे, अंगावरून पू जातो आहे किंवा पोट सुजलं आहे. श्वास लागला आहे, विष पोटात गेलं आहे. यांतलं काहीही असेल तर फॉर्म भरत बसू नका. लघवी पूर्ण अडलेलं मांजर दोन-तीन दिवसांत दगावतं, पोटाला पीळ पडलेल्या कुत्र्याच्या हातात काही तासच असतात. दवाखान्यात जा, डिपॉझिट किती आणि उरलेलं हप्त्याने चालेल का ते स्पष्ट विचारा, आणि प्राणी टेबलावर असतानाच संस्थेला फोन करा. काही संस्था तातडीच्या प्रकरणात उपचार सुरू झाला तरी अर्ज घेतात, पण अंतिम बिल चुकतं व्हायच्या आत. ही सवलत फॉर्मवर ठळक छापलेली नसते, ती विचारावी लागते.

अर्ज कुठे करायचा

धर्मादाय पशुदवाखाने, पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, प्राणिकल्याण संस्थांचे मदतनिधी, एखाद्या ठरावीक आजारासाठी किंवा प्राण्याच्या जातीसाठी असलेले निधी, आणि कधीकधी दवाखान्याने स्वतः गरजूंसाठी बाजूला ठेवलेली रक्कम. शेवटची गोष्ट पाटीवर लिहिलेली नसते, म्हणून विचारायला लाजू नका. महाविद्यालयाच्या रुग्णालयात शुल्क बहुधा कमी असतं, पण रांग मोठी असते आणि मोठ्या तपासण्यांसाठी आधीच्या डॉक्टरांचं पत्र मागतात. ते पत्र आणि सगळे रिपोर्ट सोबत न्या, नाहीतर त्याच तपासण्यांचे पैसे दुसऱ्यांदा जातात.

पात्रता साधारण चार गोष्टींवर ठरते : तुम्ही राहता तो भाग, घरातलं उत्पन्न, प्राणी कोणता, आणि आजार बरा होण्यासारखा आहे का. नेहमीच्या लसी, दात साफ करणं, आयुष्यभर चालणारी औषधं यांसाठी बहुतेक निधी नसतात. फॉर्म भरण्याआधी नियमांतला ‘कशासाठी मदत मिळत नाही’ हा भाग वाचा. तो शेवटच्या पानावर असतो, खरं तर पहिल्या पानावर हवा.

अंदाजपत्रक : सगळा अर्ज याच कागदावर उभा असतो

डॉक्टर तोंडी सांगतात, ‘एवढ्या-एवढ्यात होईल.’ कोणी चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून देतं आणि अर्जदार त्याचा फोटो जोडतो. हे चालत नाही. छाननी करणाऱ्याने तुमचा प्राणी पाहिलेला नसतो, त्याच्यासमोर फक्त कागद असतो. त्या कागदावर काय हवं ते डॉक्टरांना नीट सांगा : दवाखान्याचं लेटरहेड, तारीख, प्राण्याचं नाव, वय, वजन, मालकाचं नाव, निदान, प्रस्तावित उपचार, प्रत्येक बाबीचा वेगळा खर्च, डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक आणि शिक्का. ‘शस्त्रक्रिया’ एवढा एकच शब्द पुरत नाही. भूल, शस्त्रक्रिया, दाखल ठेवण्याचे दिवस, सलाईन, औषधं, टाके काढायची फेरी अशी फोड हवी. शस्त्रक्रियेची रक्कम मंजूर होते आणि नंतरच्या चार दिवसांचा दाखल खर्च कागदावर नसल्यामुळे तो मालकाच्या अंगावर येतो, असं पुन्हा पुन्हा घडतं.

आणखी एक ओळ हवी आणि तीच बहुतेकदा राहून जाते. उपचार केल्यास बरं होण्याची शक्यता चांगली, मध्यम की कमी, हे डॉक्टरांनी लिहायला हवं. निधी मर्यादित असतो, म्हणून बरा होऊ शकणाऱ्या प्राण्याला संस्था आधी घेतात. डॉक्टर हे लिहायला कचरतात, त्यांना ती हमी दिल्यासारखी वाटते. त्यांना सांगा की हमी नको, तुमचं आजचं मत हवं. ही ओळ नसेल तर अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून पडून राहतो, आणि पुष्कळ ठिकाणी अपूर्ण अर्जाबद्दल कोणी कळवतही नाही. आजारी जीव घरात असताना माणसाला असं ताटकळत ठेवणं योग्य नाही, पण आज तरी चौकशीचा फोन तुम्हालाच करावा लागतो.

खर्च ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा दिला असेल तर संस्था कोणता आकडा धरते ते विचारा. काही ठिकाणी खालचा धरतात.

निदान नाही म्हणून अर्ज नाही, पैसे नाहीत म्हणून निदान नाही

बहुतेक फॉर्म निश्चित निदान मागतात आणि तपासण्यांचा खर्च मात्र देत नाहीत. हा नियम ज्यांच्यासाठी निधी काढला त्यांनाच दाराबाहेर ठेवतो. तरी यातून वाट निघते. ‘उपचार ठरवायला लागणारी सर्वांत कमी तपासणी कोणती?’ असं डॉक्टरांना विचारा. पार्व्होची (कुत्र्यांना होणाऱ्या विषाणूजन्य, जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराची) शंका असेल तर विष्ठेच्या नमुन्यावरची झटपट चाचणी दवाखान्यातच होते. नर मांजराची लघवी अडली आहे हे फुगलेलं, कडक मूत्राशय डॉक्टरांच्या हाताला लागलं की लगेच कळतं. सगळ्या तपासण्या एकदम करण्याऐवजी निर्णय बदलू शकणारी तपासणी आधी, असा क्रम मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात कमीपणा नाही.

उपचारांतही पायऱ्या असतात. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत पार्व्हो झालेल्या ४० कुत्र्यांवर एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सगळ्यांना आधी शिरेतून द्रव देऊन स्थिर केलं. मग २० जणांना दाखल रुग्णांचे पूर्ण उपचार दिले आणि २० जणांवर घरून ये-जा करणाऱ्या रुग्णांसाठीची सुटसुटीत पद्धत वापरली : कातडीखाली द्रव, उलटी थांबवणारं इंजेक्शन, एकदाच दिलेलं दीर्घ मुदतीचं अँटिबायोटिक, आणि सोबत काटेकोर देखरेख. पहिल्या गटातले १८ वाचले, दुसऱ्यातले १६. पूर्ण उपचार परवडत नसतील तर ‘याहून कमी खर्चाची, पण खरोखर उपयोगाची पद्धत आहे का?’ हे विचारा आणि तिचं वेगळं अंदाजपत्रक घ्या. दोन अंदाजपत्रकं जोडता येत असतील तर दोन्ही जोडा. मोठी रक्कम नाकारणारी संस्था छोटी रक्कम मंजूर करू शकते.

प्राणी तुमचाच, याचा पुरावा

हा कागद कोणाकडेच नसतो. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाची, शेजाऱ्याने दिलेल्या मांजरीची पावती कुठून येणार? लसीकरण कार्ड, जुने केस पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, प्राणी पाळण्याचा स्थानिक परवाना असल्यास तो, यांतलं जे मिळेल ते पुरावा म्हणून चालतं, पण त्यावरचं नाव आणि अर्जदाराचं नाव एकच हवं. कार्ड मुलीच्या नावावर, अर्ज वडिलांचा, बँक खातं आईचं, असा अर्ज हमखास परत येतो. ज्याच्या नावावर दवाखान्याची नोंद आहे त्यानेच अर्ज करावा, हे सर्वांत सोपं. काहीच नसेल तर प्राण्याला आज दवाखान्यात तुमच्या नावाने नोंदवा, त्याला कधीपासून सांभाळता ते लिहून द्या, आणि जुने फोटो जोडा.

मायक्रोचिप (ओळखीसाठी प्राण्याच्या कातडीखाली बसवलेली बारीक चिप) असेल तर एक गैरसमज दूर करा. चिपमध्ये तुमचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो, आंतरराष्ट्रीय मानकाच्या चिपमध्ये १५ अंकी. नाव नोंदणीच्या यादीत असतं आणि प्राणी दत्तक घेतलेला असेल तर तिथे अजून आधीच्या मालकाचं नाव असू शकतं. अर्जाआधी ते बदलून घ्या.

उत्पन्नाचा पुरावा

पगाराची स्लिप सगळ्यांकडे नसते. रोजंदारीवर किंवा स्वतःच्या छोट्या कामावर जगणाऱ्यांनी बँकेचं गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट द्यावं, सगळ्या पानांसह. मोबाइलवरच्या शिलकीचा स्क्रीनशॉट चालत नाही, आणि मधलं एखादं पान नसलं तर काही लपवलं आहे असा अर्थ काढला जातो. ‘कौटुंबिक उत्पन्न’ विचारलं असेल तर घरातल्या सगळ्या कमावत्यांचं लिहा. फक्त स्वतःचं लिहून मर्यादेत बसवलेला अर्ज स्टेटमेंटवरच्या जमा रकमांवरून उघडा पडतो. खोटी माहिती दिल्याची नोंद झाली की त्या संस्थेचं दार पुढेही बंद होतं. नोकरी गेल्या महिन्यात सुटली असेल आणि जुन्या स्लिपवर मोठा पगार दिसत असेल, तर दोन ओळींचं स्पष्टीकरण आणि नोकरी सुटल्याचं पत्र जोडा.

तारखा

अंदाजपत्रकावरची मुदत, अर्जाची मुदत आणि मंजुरीची मुदत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजुरी बहुधा पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला पत्र मिळाल्यापासून किंवा शस्त्रक्रिया ठरल्यापासून नाही. मंजुरी आली की त्याच दिवशी शस्त्रक्रियेची वेळ घ्या. ‘कामकाजाचे दिवस’ म्हणजे सुट्ट्या वगळून. काही निधी ठरावीक काळाने उघडतात आणि पैसे संपले की मुदतीआधीच बंद होतात, तेव्हा शेवटच्या तारखेची वाट पाहू नका.

पूर्ण रक्कम मिळेल असं धरून चालू नका. उरलेले पैसे कुठून आणणार हे फॉर्ममध्ये विचारतात आणि तो रकाना रिकामा सोडलेला अर्ज मागे पडतो. दवाखान्याने मान्य केलेले हप्ते, नातेवाईक, दुसऱ्या संस्थेकडचा अर्ज, जे खरं असेल ते लिहा. दुसरीकडे अर्ज केल्याचं लपवू नका. संस्था दवाखान्यात फोन करतात आणि तिथे दोघांचीही पत्रं समोर येतात. नसबंदीची अट बऱ्याच ठिकाणी असते. झाली नसेल तर ‘बरा झाल्यावर करून घेऊ’ असं लेखी चालतं का ते पाहा.

विमा आजार झाल्यावर काढून फायदा नाही. आधीपासूनचा आजार वगळलेला असतो आणि नव्या आजारासाठीही सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ असतो. विमा आधीचा असेल तर दाव्यासोबत प्राण्याची सुरुवातीपासूनची पूर्ण वैद्यकीय नोंद मागतात, ती दवाखान्याकडून आधीच घेऊन ठेवा.

लोकवर्गणीसाठी आवाहन करत असाल तर अंदाजपत्रक जोडा, पैसे शक्यतो थेट दवाखान्याच्या खात्यावर मागवा आणि स्वतःचा पत्ता, फोन, खाते क्रमांक झाका. मदत मंजूर करण्यासाठी आधी ‘प्रक्रिया शुल्क’ मागणारा फोन आला तर पैसे देऊ नका, तो फसवणुकीचा प्रकार असतो.

कळकळीने एक गोष्ट सांगायची आहे. मंजुरीची वाट पाहताना घरातलं माणसांचं वेदनाशामक देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर दगावतं, त्याला सुरक्षित असा डोसच नाही. आयबुप्रोफेन कुत्रा आणि मांजर दोघांनाही घातक आहे. माणसांच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असतं, ते कुत्र्याला विष आहे. खर्च कमी करायचा असेल तर डॉक्टरांकडून औषधाचं जेनेरिक नाव (कंपनीचं नव्हे, मूळ औषधाचं) लिहून घ्या आणि बाहेरच्या औषधदुकानात भाव विचारा.

अर्ज फेटाळला तर

कारण लेखी मागा. ‘निकषात बसत नाही’ हे कारण नव्हे, कोणता निकष ते विचारा. कागद अपुरा असेल तर तोच अर्ज पूर्ण करून देता येतो का पाहा, नवा अर्ज केल्यास तुम्ही रांगेत पुन्हा मागे जाता. निधी संपला असेल तर तो पुन्हा कधी उघडतो ते विचारा आणि त्याच फोनवर दुसऱ्या संस्थांची नावं मागा. तिथल्या माणसांना ती माहीत असतात.

काही संस्था उपचार करायला तयार होतात, पण प्राणी त्यांच्या ताब्यात द्यावा लागतो. त्या फॉर्मवर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. ती बहुतेकदा मालकी सोडल्याची सही असते आणि प्राणी बरा झाला तरी तुम्हाला परत मिळत नाही. टेबलापलीकडचा माणूस घाई करत असेल तरी फॉर्म घरच्या दुसऱ्या कोणाला वाचायला द्या, आणि ‘बरा झाल्यावर आम्हालाच परत देणार का?’ याचं उत्तर त्याच कागदावर लिहून मागा.