गो मधे स्टोनची सूट आणि रिव्हर्स कोमी, इंजिनासाठी एकच नाही

नाशिकमधे गो (काळ्या-पांढऱ्या सोंगट्या, म्हणजे स्टोन, मांडून जागा घेरायचा बोर्ड गेम, घेरलेल्या जागेचे पॉइंट) खेळणारे मोजकेच, आमचा गंगापूर रोडचा छोटा ग्रुप रविवारी जमतो आणि बाकी आठवडा जो तो आपापल्या लॅपटॉपवर इंजिनाचा, म्हणजे गो खेळणाऱ्या प्रोग्रॅमचा, मार खातो. वाद कायम एकच, की इंजिनाकडून चार स्टोन घेतले काय आणि त्यांच्या मोलाइतक्या पॉइंटचा रिव्हर्स कोमी घेतला काय, लिंबूटिंबूला सूट ती सूटच. माणसासमोर हे चालून जाईल एकवेळ, इंजिनासमोर नाही.

काळा पहिला खेळतो म्हणून पांढऱ्याला भरपाई मिळते, जपानमधे 6.5 आणि चीनमधे 7.5 पॉइंट, तो कोमी. तीच भरपाई उलटी काळ्याला दिली की रिव्हर्स कोमी. हँडिकॅपमधे, म्हणजे स्टोनच्या सुटीत, मात्र काळ्याचे 2 ते 9 स्टोन आधीच बोर्डवर मांडलेले असतात. गोल्फ क्लब ग्राउंडवर कच्च्या टीमला सुरुवातीलाच 30 रन लिहून दिले तर तो कोमी, आणि दोन फिल्डर जास्त दिले तर ते स्टोन. रन फक्त शेवटी मोजताना येतात, फिल्डर प्रत्येक बॉलला आडवा येतो.

आता इंजिनाचं बघा. 2006 नंतर माँटे कार्लो पद्धत आली, म्हणजे गेम पुढे असंख्य वेळा खेळून बघायचा आणि त्यावरून चाल ठरवायची, त्यात प्रोग्रॅम किती पॉइंटने जिंकू हे बघतच नाही, जिंकायची शक्यता किती एवढंच बघतो. त्यामुळे स्टोन घेऊन काळा खेळणारं इंजिन 98 टक्क्यांवर बसलं की त्याला सगळ्याच चाली सारख्या वाटतात आणि ते आरामात पॉइंट वाटत सुटतं. 2008 मधे मोगो या प्रोग्रॅमने किम म्युंगवान या 8 दान (9 हा सगळ्यात वरचा दर्जा) प्रोला 9 स्टोन घेऊन हरवलं, पण फक्त 1.5 पॉइंटने! पांढऱ्याकडून उलटा त्रास, शक्यता 2 टक्के असली की काहीच्या काही चाली खेळतं, समोरच्याला साधं उत्तर दिसणार नाही या आशेवर. खूप मोठा रिव्हर्स कोमी दिला तरी रोग हाच.

म्हणून डायनॅमिक कोमी आला, म्हणजे स्टोनच्या रोगावर कोमीचं औषध (गोंधळ इथूनच वाढला असं मला वाटतं). पेत्र बाउडिशच्या पाची या इंजिनात हे आहे, इंजिनाला खोटा कोमी सांगायचा म्हणजे त्याला गेम अटीतटीचा वाटतो, आणि गेम पुढे सरकेल तसा हा खोटेपणा कमी करत न्यायचा. शेवटपर्यंत खोटंच सांगितलं तर जिंकलेला गेम घालवेल ना ते.

न्यूरल नेटवर्क (खेळलेल्या गेमवरून स्वतः शिकणारा प्रोग्रॅम) आल्यावर फरक अजून उघडा पडला. लीला झीरो हे इंजिन फक्त 7.5 कोमीवर शिकलेलं. त्याला जास्तीचे स्टोन निदान बोर्डवर दिसतात, अनोळखी असले तरी, पण कोमी त्याच्या नेटवर्कच्या इनपुटमधेच नाही, तुम्ही सेटिंगमधे काहीही टाका नेटवर्क 7.5 धरूनच मत देणार.

डेव्हिड वूचं काटागो हे इंजिन 2019 चं, ते वेगवेगळ्या कोमीवर शिकलंय आणि किती पॉइंटचा फरक पडेल हाही अंदाज बांधतं, त्यामुळे रिव्हर्स कोमी त्याला सरळ कळतो. स्टोनसाठी एवढं पुरत नाही, कारण पांढऱ्याने तिथे समोरचा चुकणार हे धरून भानगडी शिल्लक ठेवायच्या असतात, आणि स्वतःशीच खेळून शिकलेलं इंजिन समोरचाही आपल्याइतकाच हुशार धरतं. मग त्याला असे गेमही खेळवले जिथे एका बाजूला विचार करायला जास्त प्लेआउट (पुढच्या चाली खेळून बघायच्या फेऱ्या) आणि दुसरीला कमी, म्हणजे समोरचा आपल्यापेक्षा कच्चा आहे हे गृहीत धरून खेळायचं कसं ते शिकलं. मला तर यातली सगळ्यात भारी आयडिया हीच वाटते.

त्यामुळे ओपनिंग पक्कं करायचं असेल तर रिव्हर्स कोमी घ्या, बोर्ड रिकामा असतो आणि नेहमीच्या चाली चालतात. मारामारी शिकायची असेल तर स्टोन घ्या, पण काटागोसारखंच काहीतरी समोर हवं.