‘कलर चेंजिंग’ मागितला आणि तीन पांढरे मिळाले

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमच्या हॉलचं पीओपीचं काम चालू होतं, तेव्हा दुकानात जाऊन मी ‘कलर चेंजिंग पॅनेल द्या’ म्हणालो. घरी लावून बघितलं तर पहिल्यांदा पांढरा, बटण बंद-चालू केलं की पिवळा, आणखी एकदा केलं की दोन्हींच्या मधला. पोरगं निळा कधी येतोय म्हणून वर मान करून बसलेलं. दुकानदाराने फसवलं नव्हतं. बाजारात या ‘थ्री इन वन’लाही कलर चेंजिंगच म्हणतात.

खरं तर ही ट्यूनेबल व्हाइटची स्वस्तातली आवृत्ती. त्यात दोन जातींच्या एलईडी असतात: एक पिवळसर, साधारण २७०० केल्विनची, दुसरी थंड पांढरी, ६५०० च्या आसपासची. एकीचा जोर वाढवत दुसरीचा कमी केला की मधल्या सगळ्या छटा मिळतात. थ्री इन वनमध्ये तीनच ठरलेले टप्पे, एवढाच फरक. (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप. ते वाढले की उजेड थंड दिसतो, हे उलटं वाटतं, पण तसंच आहे.)

किरणोत्सवात महाद्वारातून अंबाबाईपर्यंत पोचणारा मावळतीचा सोनेरी उजेड आणि भर दुपारचा पांढरा लख्ख उजेड, दोन्ही सूर्याचेच. ट्यूनेबल व्हाइट याच वाटेवर मागेपुढे सरकतो. सूर्य कधी हिरवा होत नाही, तसा हाही होत नाही.

हिरवा, जांभळा, गुलाबी हवा तर आरजीबी. त्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन एलईडी. तिन्ही एकदम लावल्या की पांढरा होतो खरा, पण तो नावापुरता. नेहमीची पांढरी एलईडी म्हणजे निळ्या चिपवर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाचे इतर रंग करणाऱ्या पदार्थाचा थर, त्यामुळे तिच्या उजेडात मधले रंगही येतात. आरजीबीच्या पांढऱ्यात तीन अरुंद पट्टे आणि मध्ये खड्डे, त्यातही पिवळ्या-नारिंगीच्या जागी मोठा. त्या उजेडात माणसाचा चेहरा आजारी दिसतो आणि तांबड्या रश्श्याचा तवंग ओळखू येत नाही. जेवणाच्या टेबलावर आरजीबी लावणाऱ्याला मी तरी हात जोडीन. तिथे सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी गुण) ९० च्या वरचा ट्यूनेबल व्हाइट घ्यावा. सराफी दुकानातही हाच कामाचा: सोनं पिवळसर उजेडात खुलतं, हुपरीची चांदी थंड पांढऱ्यात.

पॅनेलऐवजी एलईडीची पट्टी घेताना खोक्यावरच्या इंद्रधनुष्यावर जाऊ नका, वायरी मोजा. साध्या एकरंगी पट्टीला दोन, ट्यूनेबल व्हाइटला बहुधा तीन, आरजीबीला चार. आरजीबीडब्ल्यूला पाच असतात, तिच्यात पांढरी एलईडी वेगळी असते. कंट्रोलरही त्या-त्या जातीचाच लागतो.

ट्यूनेबल व्हाइट आणि आरजीबी दोन्ही एकाच पट्टीत हवं असेल तर सहा वायरींची आरजीबी-सीसीटी मिळते. महाग पडते, आणि पीओपीवाल्याला आधीच सांगून खोबणीत जागा अन् ड्रायव्हरपर्यंत (पट्टीला वीज पुरवणाऱ्या डबीपर्यंत) हात जाईल असं झाकण ठेवून घ्यावं लागतं. आमचं ते राहून गेलं. त्यामुळे हॉलला तीन पांढरे, आणि गणपतीत मखरामागे टेपने चिकटवलेली आरजीबी पट्टी, जी आरतीच्या ऐन वेळी एका टोकाला सुटते.