कॉयरचा षड्ज का घसरतो?

पियानोची साथ सोडून कॉयर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर गाणारा पाश्चात्त्य पद्धतीचा गायकवृंद, चार-पाच मिनिटं गायला की शेवटच्या सुरावर पियानोची पट्टी दाबून बघावी. पुष्कळदा गाणं जिथे सुरू झालं, त्याच्या जरा खालीच संपलेलं असतं. कॉयरवाले याला सरावलेले असतात. मागे तानपुरा असला तर मात्र घसरण लगेच उघडी पडते, कारण तानपुऱ्याचा षड्ज जागचा हलत नाही.

कॉयरला तानपुऱ्याची जोड देण्याबद्दलचा, ‘आपलं संगीत एका सुराच्या ओळीचं, त्यांचं एकाच वेळी अनेक सुरांचं, मग जुळणार कसं?’ हा आक्षेप मला अर्धाच पटतो. खर्जाची तार १२० हर्ट्झला लावली आहे असं धरू. ती छेडली की २४०, ३६०, ४८०, ६००, ७२० असे वरचे सूर, म्हणजे उपस्वरही उमटतात. त्यातले ४८०, ६०० आणि ७२० म्हणजे सा, ग, प. कॉयरचा अगदी पहिला, साधा मेजर कॉर्ड, म्हणजे एकत्र लागणारे तीन सूर! तानपुऱ्यात कोणतीच तार गंधाराला लावलेली नसताना जो ‘स्वयंभू गंधार’ ऐकू येतो, तो हाच ६००. जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवलेला, दोरा नेमका बसला की तो आणखी खुलतो. एखाद्या ठिकाणी तार छेडली तर नियमाप्रमाणे काही उपस्वर निघायलाच नकोत. जवारीमुळे तानपुऱ्यात तेही निघतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये दाखवून दिलं.

पियानोचा गंधार वेगळा. तिथे सप्तकाचे १२ सारखे भाग पाडलेले असतात, त्यामुळे २४०च्या षड्जाला गंधार ३०० न येता ३०२.४ येतो. दोन्ही गंधार एकत्र लावले तर आवाज सेकंदाला दोन-अडीच वेळा डुलतो. भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात. मोबाइलवर तानपुरा आणि शेजारी कीबोर्ड घेऊन हे घरीही ऐकता येईल. पियानो नसला की मुरलेला कॉयर हा डोल थांबेपर्यंत सूर सरकवतो आणि ३००च्या आसपास येऊन विसावतो. म्हणजे तिथे तो पियानोपेक्षा तानपुऱ्याच्या जवळचा! म्हणूनच तानपुरा आणि कॉयर यांना जोडायला मध्ये पियानो, ही मांडणी मला खटकते.

खरी अडचण कॉर्ड चालू लागले की येते. सा-ग-प, मग ध-सा-ग, मग रे-म-ध, मग प-नि-रे आणि परत सा-ग-प, ही पाश्चात्त्य संगीतातली रोजची वाट. दर वेळी आधीच्या कॉर्डमधला एक सूर धरून ठेवायचा आणि बाकीचे त्याच्याशी शुद्ध जुळवायचे. २४०च्या षड्जाला धैवत ४०० येतो. त्याच्या पंचमभावाने, म्हणजे सा-प इतक्या अंतराने, खालचा रिषभ २६६.७, त्यावरून पंचम ३५५.६ आणि त्याखाली षड्ज २३७! कोणीही बेसूर झालं नाही, तरी षड्ज ३ हर्ट्झ खाली आला. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या तर अख्खा अर्धा स्वर जाईल. गायक दमणं वगैरे कारणं आहेतच, पण हे गणितातलंच कारण आहे. इटलीतल्या बेनेदेत्ती या गणितज्ञाने ते सोळाव्या शतकातच मांडलं होतं.

इथे आपल्या घरचा संबंध निघतो. या घसरणीचं गुणोत्तर आहे ८१/८०. नाट्यशास्त्रकार भरताच्या प्रमाणश्रुतीचं, म्हणजे सुरांमधल्या सूक्ष्म अंतराच्या मापाचं, आधुनिक अभ्यासक सहसा हेच मोल धरतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे पेशाने डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साथ घेऊन त्यांनी २२ श्रुतींचा हिशेब मांडला आणि १९१०मध्ये तो छापला. चतुःश्रुतिक रिषभ २७०चा आणि त्रिश्रुतिक २६६.७चा, असा भेद आपल्याकडे कागदावर होताच. कॉयर नकळत पहिल्याऐवजी दुसरा रिषभ घेतो आणि तिथेच घसरतो.

मग षड्ज सांभाळायचा कसा? तानपुऱ्याच्या पंचमाशी, म्हणजे ३६०शी, जुळायचं तर रिषभ २७०च हवा. पण त्याच वेळी कोणीतरी धैवत ४००वर धरून ठेवलेला असतो, आणि २७०शी तो कडवट लागतो. त्याला ४०५वर जावं लागेल. धरलेला सूर ढळू द्यायचा नाही, ही ऑल्टोला, म्हणजे कॉयरमधल्या खालच्या स्त्री-आवाजांना, मिळालेली तालीम. आणि इथे तर सूर न तोडता, कोणाला कळणारही नाही इतकं वर सरकायचं आहे. ५ हर्ट्झची मींड.