काश्मीर ग्रेट लेक्स

जम्मू-काश्मीरमधील सोनमर्ग ते नारानाग दरम्यानचा सरोवरांचा समूह आणि त्यांना जोडणारी सुमारे ७० किमी लांबीची पायवाट. विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, गंगाबल आणि नुंदकोल ही प्रमुख सरोवरे साधारण ३,५०० ते ३,८०० मीटर उंचीवर आहेत. हिमनद्यांनी डोंगरात कोरलेल्या हिमगव्हरांत (वाटीसारख्या खळग्यांत) पाणी साठून अशी सरोवरे तयार होतात. हिमनदीने दळलेला खडकाचा बारीक चुरा पाण्यात तरंगत राहतो, म्हणून ते दुपारच्या उन्हात हिरवट-निळे दिसते. गडसरमध्ये भर उन्हाळ्यातही बर्फाचे तुकडे तरंगताना आढळतात.

या वाटेचे खरे वैशिष्ट्य पाण्याच्या प्रवासात आहे. किशनसरचे पाणी खालच्या विशनसरमध्ये उतरते आणि तिथून किशनगंगा नदी निघते. गुरेझमार्गे नियंत्रण रेषा ओलांडल्यावर ती नीलम या नावाने वाहते आणि मुझफ्फराबादला झेलममध्ये मिळते. हरमुख शिखराच्या (५,१४२ मी.) पायथ्याच्या गंगाबल-नुंदकोलचे पाणी मात्र वांगत नाल्याने सिंध नदीत (ही मोठी सिंधू नव्हे) जाते आणि शादीपूरजवळ झेलमलाच मिळते. वाटेत आपण हा जलविभाजक, म्हणजे दोन नद्यांची खोरी वेगळी करणारी डोंगरधार, ओलांडत असतो.

जुलै ते सप्टेंबरचा मध्य हा हंगाम. सहा-सात दिवस लागतात. निचनाई आणि गडसर या खिंडी ४,००० मीटरच्या वर आहेत. सह्याद्रीत मुरलेल्या ट्रेकरनेही इथे घाई करू नये: कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे, इथले बहुतेक मुक्कामच त्याच्या दुपटीहून उंचावर असतात. उंचीमुळे डोकेदुखी, मळमळ वाढू लागली तर खाली उतरणे हाच उपाय. सीमाभाग जवळ असल्याने लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र तपासतात.

काठची कुरणे गुज्जर-बकरवाल मेंढपाळांची उन्हाळी चराई आहे. सामान वाहणारे घोडेवालेही बहुधा स्थानिकच असतात. सरोवरांतील ब्राऊन ट्राउट मासा मूळचा इथला नाही, तो ब्रिटिश काळात काश्मीरमध्ये आणला गेला. गळ टाकण्यासाठी मत्स्य विभागाचा परवाना लागतो.

गंगाबल हे काश्मिरी पंडितांचे तीर्थ असून भाद्रपदात हरमुख-गंगाबल यात्रा भरते. शेवटच्या उतारानंतर नारानागला प्राचीन शिवमंदिरांचे अवशेष लागतात. कल्हणाच्या राजतरंगिणी या काश्मीरच्या राजांच्या इतिहासग्रंथात भूतेश्वर म्हणून येणारे स्थान ते हेच. बरेच ट्रेकर थकून थेट गाडीत बसतात, पण मोठमोठ्या घडीव दगडांच्या या भिंती आणि शेजारचे झऱ्याचे कुंड यांसाठी तासभर राखून ठेवावा.