पार्श्वभूमी : पुस्तकांच्या दुकानात विकले गेलेले व्हिडिओ गेम

बायबलच्या गोष्टींवरचे घरगुती व्हिडिओ गेम तसे १९८३ पासून सापडतात. त्या वर्षी अटारी २६०० या गेमच्या यंत्रासाठी मोशे तांबडा समुद्र ओलांडतो त्या गोष्टीवरचा एक गेम आला, टपालाने विकला गेला आणि विस्मृतीत गेला. खरी हकिगत १९९० नंतरच्या अमेरिकेतली आहे.

निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या तिथल्या गेमच्या यंत्रात कुलपासारखी एक चिप असे. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप नसली, की यंत्र सतत रीसेट होत राही. (आपल्याकडे खपलेल्या नकली यंत्रांत बहुधा ही भानगड नसायची.) जोडीदार चिप फक्त परवानाधारकांना मिळे. त्यांनी वर्षाला पाचच गेम काढायचे, कॅसेटी निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायच्या आणि गेममध्ये धार्मिक चिन्हे टाळायची. म्हणून बायबलचे गेम काढणाऱ्यांना नाइलाजाने परवान्याबाहेर जावे लागले, असे समजले जाते. क्रम नेमका उलटा आहे. ज्या कंपनीने पुढे बायबलचे गेम काढले, ती कॅलिफोर्नियातील कंपनी आधीच विनापरवाना गेम विकत होती, तेही मुळीच धार्मिक नसलेले. विजेचा झटका देऊन चिप बधिर करायची, ही तिची युक्ती. दुसऱ्या एका कंपनीने चिपचा प्रोग्राम कॉपीराइट कार्यालयातून खोटे सांगून मिळवला होता. कोर्टाने तिच्यावर घातलेली मनाई १९९२ च्या अपिलातही टिकली. झटका देण्यात मात्र कशाचीच नक्कल नव्हती.

अडचण होती दुकानांची. हे गेम ठेवले तर निन्टेन्डोचा माल बंद होईल, अशी धास्ती खेळण्यांच्या दुकानदारांना होती. ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत तो माल नव्हताच, मग धास्ती कसली? धर्म आला तो या वाटेने. १९९१ च्या ‘बायबल ॲडव्हेंचर्स’मध्ये प्रलयातून जनावरांना नौकेत वाचवणारा नोहा जनावरे डोक्यावर घेऊन पळतो, अधूनमधून वचनांच्या पाट्या मिळतात. बाळ मोशेला चक्क फेकता येते. त्याला मागे ठेवून टप्पा संपवला, तर बाळ विसरलात एवढेच गेम सांगतो.

१९९४ मध्ये नाझींना गोळ्या घालण्याच्या गेमचे इंजिन (म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम) घेऊन नोहाच्या नौकेचा गेम काढला गेला. इथे गोफणीने खाऊ मारून जनावरांना झोपवायचे. तो सुपर निन्टेन्डो या निन्टेन्डोच्या पुढच्या यंत्रावर चालवायला वर आणखी एक अधिकृत कॅसेट खोचावी लागे, कारण चिप त्या अधिकृत कॅसेटची वापरायची होती. १९९५ मध्ये तर जुनाच स्केटबोर्डचा गेम रंग बदलून विकला. आधीचा नायक पळवून नेलेल्या मैत्रिणीला सोडवायला निघे, नव्याला संडे स्कूल, म्हणजे चर्चचा मुलांसाठीचा रविवारचा वर्ग, गाठायचे होते.