नव्या गाडीवरचा डाग कोणत्या थरात आहे?

चवथीच्या आधी गोव्यातल्या शोरूममधून नव्या गाड्या भराभर बाहेर पडतात. मुहूर्ताची घाई असते, बाहेर पाऊस असतो, आत दिव्यांचा लखलखाट असतो आणि घरची मंडळी फोटोसाठी उभी असतात. त्या गडबडीत रंगाकडे निरखून पाहायचं राहून जातं. मग कधीतरी पाऊस उघडतो, सकाळचं तिरपं ऊन गाडीवर पडतं आणि बॉनेटवरचे गोल गोल ओरखडे, दारावर हाताला लागणारे कण, चाकावरच्या पत्र्यापेक्षा, म्हणजे फेंडरपेक्षा, किंचित पिवळसर वाटणारा बंपर हे सगळं एकदम डोळ्यांत भरतं. शोरूमला फोन केला की ठरलेलं उत्तर मिळतं, ‘घेऊन या, पॉलिश मारून देतो.’

या उत्तराला लगेच हो म्हणू नका. रंगातले काही दोष नुसते धुऊन जातात, काही घासून जातात, काही पुन्हा रंगवल्याशिवाय जात नाहीत आणि काही आहेत तसे सोडून देण्यातच शहाणपण असतं. यातलं काय करायचं ते दोष कोणत्या थरात आहे त्यावर ठरतं. म्हणून आधी थर समजून घ्यायला हवेत.

गाडीच्या बॉडीचा पत्रा बहुतेक वेळा जस्ताचा मुलामा घेऊनच कारखान्यात येतो. तो स्वच्छ करून त्यावर फॉस्फेटचा अगदी पातळ थर चढवतात. मग अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून वीजप्रवाह सोडतात. पाण्यातले रंगाचे कण विद्युतभारित असल्यामुळे पत्र्यावर जाऊन बसतात. जिथे थर बसला तिथे विजेला अडथळा वाढतो, त्यामुळे प्रवाह आपोआप अजून उघड्या असलेल्या कोपऱ्यांकडे वळतो. फवाऱ्याने कधीच पोचला नसता असा दाराच्या पोकळीतला कोपराही यामुळे रंगून निघतो. हा ई-कोट, साधारण २० मायक्रॉनचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यावर ३०-३५ मायक्रॉनचा प्रायमर, मग १२ ते २० मायक्रॉनचा बेस कोट, म्हणजे आपण पैसे मोजून निवडलेला रंग, आणि सगळ्यात वर ३५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून जेमतेम १०० ते १३० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून काय ते समजा.

ई-कोट १६० ते १८० अंश सेल्सिअसला भाजतात, क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास. या उष्णतेत रंगातले रेणू एकमेकांना घट्ट बांधले जातात. गाडी जोडून तयार झाली, तिच्यात वायरी, प्लास्टिक, इंधनाची टाकी बसली, की एवढी उष्णता तिला पुन्हा कधीच देता येत नाही. गॅरेजच्या बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीत, तापमान फार तर ६० ते ८० अंशांवर नेतात, म्हणून तिथे हार्डनर मिसळून सुकणारा वेगळा रंग वापरावा लागतो. चांगल्या कारागिराने केलेलं काम वर्षानुवर्षं टिकतं, त्याबद्दल वाद नाही. पण कारखान्यातला थर गाडीला एकदाच मिळतो आणि तो खरवडून टाकण्याआधी कारणही तेवढंच मोठं हवं.

आता ट्यूबलाइटखाली उभ्या केलेल्या गाडीच्या दाराकडे बघा. ट्यूबचं प्रतिबिंब सरळ न दिसता त्याची कड थरथरल्यासारखी दिसते. तीच ट्यूब बॉनेटवर मात्र बरीच सरळ दिसते. संत्र्याच्या सालीसारख्या या खडबडीला सगळीकडे ‘ऑरेंज पील’ म्हणतात आणि पहिली तक्रार बहुधा हिचीच असते. फवाऱ्यातून पडलेले थेंब पृष्ठताणामुळे पसरून सपाट व्हायला बघतात आणि रंगाचा दाटपणा त्यांना अडवतो. इथलं गणित मला फार विलक्षण वाटतं. ओल्या थराची जाडी निम्मी केली तर सपाट व्हायला आठपट वेळ लागतो, आणि खडबडीतल्या लाटेची लांबी, म्हणजे दोन उंचवट्यांमधलं अंतर, दुप्पट असेल तर सोळापट. म्हणजे थर जाड मारला की काम झालं? नाही, कारण दार उभं असतं. उभ्या पत्र्यावर थर दुप्पट केला तर रंग ओघळण्याचा वेग चौपट होतो आणि ओघळ सुकून गाठ बनते. म्हणून दारांवर रंग थोडा पातळ बसवतात, आणि थोडी लाट पत्करतात. बॉनेटपेक्षा दारावर ऑरेंज पील जास्त दिसतं ते यामुळे. चारही दारांवर ते सारखं असेल तर तो त्या कारखान्याचा नेहमीचा दर्जा समजावा. घासून ते सपाट करता येतं, पण त्यासाठी क्लिअर कोटचा बराच भाग द्यावा लागतो. गोव्याच्या उन्हात हा सौदा मी कधीच करणार नाही. एकाच दारावर लाट वेगळी दिसली तर मात्र कान टवकारा, ते दार नंतर रंगवलेलं असू शकतं.

वाटीसारखे बारीक गोल खड्डे हा दुसरा प्रकार. त्यामागचं विज्ञान फेणीच्या पेल्यात बघायला मिळतं. पेला हलवून ठेवला की काचेवर पातळ थर चढतो, त्यातलं अल्कोहोल आधी उडून जातं, मागे पाणी जास्त उरतं आणि त्याचा पृष्ठताण वाढतो. जास्त ताणाचा भाग कमी ताणाच्या द्रवाला आपल्याकडे ओढतो, वर थेंब जमतात आणि खाली ओघळतात. जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्ये दारूच्या या ‘अश्रूं’चं कारण सांगितलं, १८६५ मध्ये कार्लो मारांगोनी यांनी इटलीतल्या पाविया इथे त्यावर प्रबंध लिहिला आणि या ओढीला मारांगोनींचं नाव पडलं. गाडीच्या ओल्या रंगात सिलिकॉनचा सूक्ष्म थेंब पडला तर नेमकं हेच होतं. तिथला ताण कमी होतो, भोवतालचा रंग बाहेर खेचला जातो आणि मधे खड्डा उरतो. डिओडरंट, केसांची क्रीम, टायर चमकवायचं द्रव्य या सगळ्यांत सिलिकॉन असू शकतं, म्हणून रंगशाळेत काम करणाऱ्यांना अशी प्रसाधनं लावून यायला मनाई असते. हा खड्डा जन्मतःच रंगात असतो. तो पॉलिशने जात नाही. त्याची तक्रार करायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

छटेतला फरक याहून गुंतागुंतीचा. बंपर प्लास्टिकचा, तो वेगळ्या ठिकाणी, कमी तापमानाला रंगवला जातो. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात. ते पत्र्याला समांतर निजले तर समोरून रंग उजळ दिसतो, तिरपे राहिले तर काळपट. फवाऱ्याचा दाब, थराची ओल, सुकण्याचा वेग, काहीही बदललं तरी कणांचा कल बदलतो. शिवाय दोन रंगद्रव्यं शोरूमच्या एलईडी दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि उन्हात वेगळी पडतात. म्हणून छटा नेहमी बाहेर, उघड्या आभाळाखाली, दोन-तीन कोनांतून बघावी. बंपरच्या कडेला किंचित फरक बहुतेक गाड्यांत असतो. पण पत्र्याच्या दोन शेजारच्या भागांत, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारात फरक असेल, तर तो कारखान्यातून तसा आला असण्याची शक्यता कमीच.

आतापर्यंतचे दोष रंगाबरोबर जन्मलेले. गोव्यात मात्र मला नंतर चिकटलेलेच दोष जास्त दिसतात. मोटारी इथे बाहेरून येतात, चाकण, साणंद, मानेसर अशा ठिकाणांहून, ट्रेलरवर किंवा रेल्वेने. मग यार्डात उन्हापावसात उभ्या राहतात. रेल्वेच्या चाकांतून आणि ब्रेकमधून लोखंडाचे तापलेले बारीक कण उडतात आणि क्लिअर कोटमध्ये रुततात. दमट हवेत ते गंजतात आणि पांढऱ्या गाडीवर केशरी ठिपके दिसू लागतात. नवी गाडी गंजली म्हणून माणूस हादरतो, पण पत्रा आत सुखरूप असतो. ओळखायची पद्धत सोपी आहे. गाडी धुऊन घ्या, हाताला प्लास्टिकची पातळ पिशवी घाला आणि बोटं हलकेच फिरवा. उघड्या हाताला जे गुळगुळीत वाटत होतं ते पिशवीतून खरखरीत लागतं. हे कण काढायला अमोनियम थायोग्लायकोलेट असलेलं द्रव्य मिळतं, केस कुरळे करायच्या लोशनमध्ये असतं तेच रसायन. ते फवारलं की लोखंडाशी संयोग होऊन जांभळे ओघळ खाली येऊ लागतात आणि वास नकोसा असतो. उरलेले कण साबणाच्या पाण्यात क्ले बार, म्हणजे कण उचलून घेणारी चिकणमातीसारखी मऊ वडी, फिरवून निघतात. इथे घासायची मशीन लावली तर तेच कण फिरत फिरत रंग कापत जातात.

गोल ओरखड्यांचा उगम बहुतेक वेळा एका फडक्यात असतो. डिचोली, सांगे, धारबांदोडा या खाणपट्ट्यातल्या धुळीत हेमटाइट आणि क्वार्ट्झचे कण असतात. क्वार्ट्झ काचेला चरा पाडतो, तर क्लिअर कोट हे शेवटी प्लास्टिकच्याच जातीचं. मुरगाव बंदराच्या बाजूला कोळशाची काळी धूळ. गाडी देण्याआधी कोणीतरी कोरड्या फडक्याने ही धूळ पुसतो आणि तिथेच नुकसान होतं. गंमत म्हणजे हे ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना गेलेले असतात, पण प्रकाशाच्या दिशेला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळं दिसतात. हे एक-दोन मायक्रॉन खोलीचे असतात आणि सौम्य पॉलिशने खरोखर जातात. ‘पॉलिश मारून देतो’ हे उत्तर एवढ्या एका दोषाला लागू पडतं. तेही कारागीर जाणता हवा. भरड कंपाउंड आणि जोरात दाबलेली बफिंग मशीन काही मिनिटांत कित्येक मायक्रॉन उडवते, आणि उन्हातली अतिनील किरणं अडवणारी द्रव्यं क्लिअर कोटमध्येच असतात. जुन्या गाड्यांच्या छतावर पांढरे पापुद्रे सुटलेले दिसतात ना, तो संपलेला क्लिअर कोट.

वटवाघळांची आणि कावळ्यांची घाण, विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याचे वाळलेले थेंब, हे त्याच दिवशी धुतले तर काहीच नाही. दुपारच्या उन्हात गडद बॉनेट ७० अंशांपर्यंत तापतं, क्लिअर कोट मऊ पडतो आणि डाग त्यात कायमचा उमटतो.

रंग खरंच पुन्हा मारला गेलाय का, हे कळायला जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळतं. लोखंडी पत्र्यापासून आपण किती दूर आहोत ते चुंबकीय प्रेरणेवरून ते सांगतं. ॲल्युमिनियमच्या बॉनेटसाठी भोवरी प्रवाहावर चालणारं लागतं आणि प्लास्टिकच्या बंपरवर दोन्ही निरुपयोगी. छतापासून सुरुवात करा, कारण छताला सहसा कोणी हात लावत नाही. सगळीकडे ११० आणि एका दारावर २५० आलं तर त्या दारावर दुसरा रंग बसलाय. हजाराच्या घरात गेलं तर आत पुट्टी आहे. मात्र नुसत्या आकड्यावरून कोणाला खोटं ठरवू नका. काही गाड्या तपासणीत अडकून कारखान्यातच दुसऱ्यांदा रंगवल्या जातात. दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडे, मास्किंग टेपची कड, फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे, ही जोड मिळाली तर मात्र संशयाला जागा उरत नाही.

आणि हे सगळं तपासल्याशिवाय सिरॅमिक कोटिंग किंवा पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, मुळीच घेऊ नका. कोटिंग एक-दोन मायक्रॉनचं असतं, ओरखडे असले तर ते त्याच्याखाली बंद होतात. पुन्हा रंगवलेल्या भागावर पीपीएफ चिकटवली तर पुढे ती काढताना रंगही सोबत निघू शकतो.

तपासणी शक्यतो नोंदणीच्या आधी, यार्डात, दिवसाउजेडी करावी. दोष दिसला तर ताबा घेण्याच्या कागदावर तो लिहूनच सही करायची, फोटो काढायचे, ई-मेल पाठवायची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दात दर्जातली कोणतीही उणीव येते. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर सुरुवात करता येते. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी टॅक्सी घेतलेला माणूसही या कायद्याने ग्राहकच आहे. गोव्यात हे अनेकांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

पुन्हा रंगवायचं ठरलंच, तर पावसाळ्यात फार जपावं लागतं. हार्डनरमधलं आयसोसायनेट रंगाशी बांधलं जायच्या ऐवजी हवेतल्या पाण्याशी संयोग पावतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बुडबुडे राहतात. जुलैत आपल्याकडे हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असते. पत्र्याच्या शेडखाली मारलेला क्लिअर कोट तेव्हा मंद, दुधाळ पडतो. हवा दाबली की तिच्यातलं पाणी कंप्रेसरच्या टाकीत साचतं आणि नळीतून थेट रंगात येतं. म्हणून बंद बूथ आहे का, तो तापतो का, नळीवर पाणी गाळणारा फिल्टर आहे का, हे स्वतः आत जाऊन बघा. नसेल तर तक्रार आजच लेखी द्या आणि रंगाचं काम दिवाळीनंतर करून देऊ असं शोरूमकडून लिहून घ्या. मात्र पत्र्यापर्यंत गेलेला टवका असेल तर तेवढं थांबू नका. खाऱ्या हवेत जस्त आधी स्वतः झिजून पत्रा राखतं, पण ते फार दिवस पुरत नाही. टवका पुसून, वाळवून, टच-अपच्या ब्रशने प्रायमरचा ठिपका त्याच आठवड्यात बसायला हवा.