लेसर ऊष्मोपचार, मेंदूतील दुय्यम गाठींवरील

फुप्फुस, स्तन, त्वचा, मूत्रपिंड अशा अवयवांच्या कर्करोगातून मेंदूत पसरलेली गाठ रेडिओसर्जरीनंतरही (नेम धरून दिलेल्या मोठ्या रेडिएशननंतरही) वाढू लागली, तर कवटीला पाडलेल्या तीन-चार मिलिमीटरच्या छिद्रातून प्रकाशतंतू गाठीत सरकवून ती आतून तापवून मारण्याची पद्धत. डॉक्टर मंडळी तिला ‘लिट’ (लेसर इंटरस्टिशियल थर्मल थेरपी) म्हणतात. गाठ खोलवर असेल, पूर्ण कवटी उघडणे रुग्णाला झेपणार नसेल किंवा त्याच जागी पुन्हा रेडिएशन देणे जोखमीचे असेल, तेव्हा हिचा विचार होतो.

लेसरच्या उष्णतेने गाठ आतून नष्ट करण्याच्या कल्पनेचे श्रेय सहसा स्टीव्हन बाउन यांच्या १९८३ च्या लेखाला दिले जाते. माणसाच्या मेंदूतील पहिल्या वापरासाठी जपानमधील सुगियामा आणि सहकाऱ्यांच्या १९९० च्या कामाचा दाखला देतात. मात्र उष्णता कुठवर पसरली याचा नकाशा तेव्हा उपचार चालू असताना मिळत नसे. १९९० च्या दशकात एमआरआयने तापमान मोजता येऊ लागले. पद्धतीचा खरा आरंभ तिथून धरणे अधिक रास्त वाटते. रेडिओसर्जरीला दाद न देणाऱ्या दुय्यम गाठींवरील सुरुवातीचा महत्त्वाचा अहवाल पॅरिसच्या आलेक्सांद्र कार्पांतिये यांच्या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केला.

मुख्य वाद निदानाचा आहे. रेडिओसर्जरीत एकाच बैठकीत मोठी मात्रा देतात. प्रचलित मर्यादा २ सेंमी.पर्यंतच्या गाठीला २४ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचे एकक), ३ सेंमी.पर्यंत १८ आणि ४ सेंमी.पर्यंत १५ अशा आहेत. त्यानंतर काही महिन्यांनी, कधी वर्ष-दीड वर्षाने, एमआरआयवर जुन्या जागी कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेले, प्रतिमेत उठून दिसणारे द्रव्य) घेणारे कडे फुगलेले दिसते आणि भोवती सूज येते. हा कर्करोग परतला, की रेडिएशनने मेलेल्या ऊतकाचा (रेडिएशन नेक्रोसिसचा) परिणाम? परफ्यूजन एमआरआय (रक्तप्रवाह दाखवणारा), स्पेक्ट्रोस्कोपी (ऊतकातील रसायने मोजणारी) आणि पेट स्कॅन (पेशींची चयापचय-क्रिया दाखवणारा) कल दाखवतात, निवाडा देत नाहीत. बायोप्सीचा तुकडा काही मिलिमीटरचा असतो आणि पुष्कळदा दोन्ही प्रकारचे ऊतक शेजारी-शेजारी असते. लेसरसाठी केलेल्या छिद्रातूनच आधी बायोप्सी घेता येते, आणि उष्णता दोन्हींवर चालते, ही या पद्धतीची जमेची बाजू. नेक्रोसिसमधले गळके, सुजलेले रक्तवाहिन्यांचे जाळे जळून गेल्याने सूज उतरते, असे स्पष्टीकरण दिले जाते.

सध्याच्या दोन प्रमुख यंत्रणांपैकी ‘व्हिज्युअलेज’मध्ये ९८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, कमाल १५ वॉटचा डायोड लेसर असतो आणि तंतूभोवतीच्या नळीतून सलाइन फिरते. ‘न्यूरोब्लेट’मध्ये १०६४ नॅनोमीटरचा लेसर, कार्बन डायऑक्साइड वायूने थंड राहणारे टोक आणि एका बाजूलाच प्रकाश टाकण्याची सोय असते. थंड ठेवण्याला कारण आहे : टोकालगतचे ऊतक जळून काळे पडले, तर तो थर प्रकाश अडवतो, उष्णता पुढे जात नाही आणि टोकच खराब होऊ शकते.

पूर्ण भूल देऊन डोके स्थिर करतात, स्टिरिओटॅक्टिक (त्रिमितीय मोजमापांवर आधारित) नियोजनाने मार्ग आखतात, छिद्र पाडून कवटीत बोल्ट बसवतात; बायोप्सीनंतर कॅथेटर (लेसरतंतूची नळी) आत जातो आणि रुग्णाला एमआरआयमध्ये नेतात. आधी तीन-चार वॉटवर चाचणी देऊन टोक जागेवर आहे ना हे पाहतात, मग शक्ती वाढवून दर खेपेस एक ते तीन मिनिटे तापवतात. एका मार्गातून साधारण अडीच-तीन सेंमी. व्यासाचा भाग नष्ट करता येतो. गाठ त्याहून मोठी किंवा वेडीवाकडी असेल तर दुसरा मार्ग लागतो.

तापमान मोजले जाते ते पाण्यातील प्रोटॉनच्या अनुनाद-वारंवारतेवरून. ती दर अंशाला दशलक्ष भागांत ०·०१ भागाने घटते. १·५ टेस्ला चुंबकाच्या यंत्रात म्हणजे सुमारे ०·६४ हर्ट्झ. हा आकडा तापमानाचा नसून तापमानातील बदलाचा, म्हणून आरंभीचे शरीरतापमान हाताने भरावे लागते. ते चुकले की पुढचा सारा नकाशा तेवढ्याने सरकतो. डोके जरा हलले, बायोप्सीनंतर हवेचा बुडबुडा किंवा रक्त साचले, तर आकडे बिघडतात. चरबीत ही रीत चालत नाही. प्रतिमा काही सेकंद मागून येते, त्यामुळे उष्णता पडद्यावर दिसते त्याहून पुढे गेलेली असू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये नेमक्या याच उणिवेबद्दल डॉक्टरांना सावध केले होते. संगणक तापमान आणि वेळ यांचा मेळ घालून ऊतक कुठवर मेले याची रेषा काढतो. ऊतक मरायला ४३ अंशांवर लागणारा वेळ हे माप, आणि त्यापुढे दर अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो. ६० अंशांपुढे ऊतक जवळजवळ तत्काळ साकळून मरते. नाजूक भागाशेजारी ४५-५० आणि टोकाजवळ ९० अंशांच्या आसपास मर्यादा लावून ठेवतात. ती ओलांडली की लेसर आपोआप बंद होतो.

गाठीलगत मोठी रक्तवाहिनी किंवा द्रवाने भरलेली पोकळी असेल, तर ती उष्णता वाहून नेते आणि तेवढी कड कच्ची राहते. पुन्हा वाढ होते ती बहुधा अशाच कडेवर. रक्तस्राव, कॅथेटर भलतीकडे जाणे आणि सुजेमुळे हातापायांत कमजोरी येणे हे इतर धोके. उपचारानंतर कडे आधी मोठेच दिसते आणि काही आठवड्यांनी आकसू लागते. पहिल्याच एमआरआयवरून ‘गाठ वाढली’ म्हणणे घाईचे. तोवर डेक्सामेथासोन (सूज उतरवणारे स्टिरॉइड) हळूहळू कमी करत नेतात.

अमेरिकेतील ४२ रुग्णांच्या बहुकेंद्री अभ्यासात (२०१८) २६ आठवड्यांनी जिवंत असण्याचे प्रमाण ७२ टक्के होते, आणि १२ आठवड्यांत ३० टक्के रुग्णांचे स्टिरॉइड कमी किंवा बंद झाले. नेक्रोसिस असलेल्यांना सुरुवातीच्या काळात अधिक लाभ दिसला. शस्त्रक्रिया किंवा बेव्हासिझुमॅब (नेक्रोसिसची सूज उतरवण्यासाठी देतात ते औषध) यांच्याशी थेट तुलनेचा पुरावा तोकडा आहे.

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात मेंदूच्या गाठींवरील रेडिएशनसाठी खारघरचे ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियल सेंटरचा भाग) हे मोठे केंद्र. प्रोटॉन उपचारही तिथे होतो. ठाण्याहून पनवेल लोकलने थेट खारघरला उतरता येते. इथल्या रुग्णाची फाइल मात्र बहुधा विखुरलेली : एमआरआय ठाण्याच्या खासगी सेंटरमध्ये, रेडिओसर्जरी मुंबईत, तपासण्या तिसरीकडे. लेसरचा सल्ला घेताना छापील रिपोर्ट पुरत नाही. सर्व जुन्या एमआरआयच्या डिस्क आणि रेडिओसर्जरीचा मात्रा-आराखडा सोबत लागतो, कारण वाढलेले कडे पूर्वीच्या मात्रेच्या हद्दीत आहे की बाहेर, हे त्या दोन्ही एकमेकांवर ठेवूनच ठरते.